अर्धी बाहेर काढलेली काडी

रात्री दोन ते सकाळी दहा.
एवढ्याच तासांचे पैसे भरलेत आम्ही.
वर युवास्क्युलाचं तळं गोठून बसलंय,
खाली, दोन मीटर काँक्रीटच्या आड,
एक चिप उघड्या अंगानं उभी आहे.
तिचं काळं झाकण मिर्क्कानं काल
आम्लाचा थेंब थेंब सोडत काढलं,
श्वास रोखून,
डोळ्यातलं कुसळ काढावं तसं.

तौनो विचारतो, काय सोडू?
तीस वर्षं हा किरणांच्या नळावर बसलाय.
नायट्रोजनपासून सुरू कर, म्हणते मी,
जड ते शेवटी.

आर्गॉनला पहिला शून्य उलटला.
शून्याचा एक.
आवाज नाही, धूर नाही,
पडद्यावर एक तांबडा ठिपका,
आणि मिर्क्काच्या वहीत एक उभी रेघ.
वर, कक्षेत, या एका एकापायी
यान सूर्याकडे पाठ फिरवील.
किंवा काहीच होणार नाही,
आणि काही का झालं नाही
तेही कधी कळणार नाही.

लोकांना वाटतं आम्ही मजबूत वस्तू बनवतो.
तिथे तापलेल्यावर फुंकर घालायला वारा नाही.
कथिलाला मिशा फुटतात, केसाहून बारीक,
आणि शेजारच्या तारेला जाऊन टेकतात.
मजबुती कुठवर पुरणार?
आम्ही एकच गणित तिघांना घालतो,
दोघांचं जुळलं की ते खरं.
तिसऱ्यावर कुणी डाफरत नाही,
त्याला फक्त उत्तर पुन्हा सांगायचं.

आणि तिघंही भांबावले तर?
तर एक राखणदार आहे.
दर सेकंदाला त्याला हाक द्यायची, आहे मी, आहे.
हाक चुकली की तो वीज तोडतो
आणि पुन्हा जोडतो.
जागं होणाऱ्याला मग काहीच ठाऊक नसतं,
आपण कोण, कुठे, किती वर्षं फिरतोय.
त्या पहिल्या क्षणासाठी जे लिहायचं
ते माझं काम.

इनारीच्या उत्तरेला रानात एक झोपडी आहे.
कुलूप नाही, मालक नाही.
मी अकरा वर्षांची. निघायची घाई,
उजेड तासाभराचा उरलेला,
आणि बाबा लाकडं फोडत बसले.
शेगडीत बर्चची साल, तिच्यावर ढलप्या,
शेजारी काडेपेटी,
तिच्यातून एक काडी अर्धी बाहेर काढलेली.
गारठलेल्या बोटांना पेटी उघडत नाही, म्हणाले.
मी म्हटलं, पण येणार कोण आहे इथे?
कोणी का येईना.

वादळानं वाट पुसली.
मध्यरात्री त्या दारात
आम्हीच परत आलो.
बोटं माझी आहेत की नाहीत कळेना.
काडी बाहेरच होती.

म्हणून, झेनॉनलाही पोचता येणार नाही
अशा कोपऱ्यात मी दोनशे बारा ओळी ठेवते.
सूर्य कसा शोधायचा.
अँटेना कुणीकडे वळवायची.
बाकी सारं नंतर आठवेल,
आधी ऊब धर.

पावणेसातला झेनॉन.
करंट उसळला. आमचं तोडणं
चार मिलिसेकंद उशिरा पडलं.
चिप गेली.
तौनोनं किरण थांबवला, टोपी काढली,
डोकं खाजवलं, पुन्हा घातली.
बरं झालं बाई, मिर्क्का काचेपाशी पुटपुटली,
इथे मेलीस.

थर्मासमधली कॉफी कोमट.
डबीत दुसरी चिप आहे,
हातात सव्वातीन तास.
मी तोडायची मर्यादा खाली आणते,
एक ओळ खोडते, एक लिहिते,
काडी आणखी जराशी
बाहेर ओढून ठेवते.